टारफुला ओळखायचा कसा, शोधायचा कुठे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोळा जवळ आला की फोनवर फोटो यायला लागतात. वीतभर हिरवं रोप, टोकाला दोन-चार पांढरी फुलं, मागं ज्वारीचं बूड किंवा माळाचं गवत, आणि खाली एकच ओळ : "हे काय आहे?" बहुतेक वेळा तो टारफुला असतो. विचारणारे दोन तऱ्हेचे. काहींच्या शेतात तो आलेला असतो, काही रानफुलं बघत माळावर फिरताना त्याच्याशी अडखळलेले असतात. दोघांची उत्तरं इथं एकत्रच दिली आहेत. शेतातला टारफुला समजून घ्यायचा तर माळावरचाही बघावा लागतो. जिथं एक उत्तर दुसऱ्याला लागून आहे तिथं प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. टारफुला म्हणजे नेमकं काय?

पावसाळ्यात उगवून दिवाळीच्या आसपास वाळून जाणारं, एका हंगामाचं छोटं रोप. शास्त्रीय नाव स्ट्रायगा एशियाटिका. उंची साधारण १५ ते ३० सेंटीमीटर, पानं अरुंद, फुलं पांढरी आणि बारकी. पूर्वी वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत तो स्क्रोफ्युलॅरिएसी कुळात सापडायचा, आता ओरोबँकेसी कुळात मोडतो. या कुळातल्या बहुतेक वनस्पती दुसऱ्या झाडाच्या मुळांवर पोसतात आणि टारफुलाही त्यातलाच. हिंदी पट्ट्यात ज्याला अगिया म्हणतात तो हाच.

२. फुलाकडं बघून लगेच ओळखता येईल अशी खूण सांगा ना.

खूण आहे, पण त्यासाठी गुडघ्यावर बसावं लागतं. उभ्यानं बघितलं तर नुसता पांढरा ठिपका दिसतो.

फूल बाजूनं बघा. पाकळ्यांची खालची नळी बारीक, साधारण सेंटीमीटरभर लांब असते आणि ती सरळ नसते. फुलाच्या बुडाशी असलेल्या हिरव्या पिशवीतून, म्हणजे निदलपुंजातून, बाहेर आली की ती एकदम वाकते आणि तिथून पुढं फुलाचं तोंड उघडतं. हा वाक टारफुल्याच्या सगळ्या भाऊबंदांत असतो. आता समोरून बघा. वरचा ओठ आखूड, मध्ये किंचित खाच असलेला. खालचा ओठ मोठा, तीन भागांचा. फुलाला देठ जवळपास नाहीच, पानाच्या बेचक्यात ते चिकटून बसलेलं असतं. खालची फुलं गळून बोंडं धरतात तोवर वर नवी उमलत असतात, एका वेळी उघडी फुलं थोडीच.

मग रोपाला हात लावा. खोड कोनदार आणि खरखरीत लागतं, पानंही तशीच. ताठ, आखूड केसांमुळं हा खरखरीतपणा येतो. खालची पानं समोरासमोर, वर गेलं की एकाआड एक. पान अरुंद, दोन-तीन सेंटीमीटर लांब, काही मिलिमीटर रुंद.

वाकडी नळी, दोन ओठ आणि खरखरीत अंग या तीन गोष्टी जुळल्या तर तो टारफुला किंवा त्याचा सख्खा भाऊ. भावाभावांतला फरक प्रश्न ८ मध्ये आहे.

३. मराठवाड्यात तो कुठं शोधायचा?

आधी जमीन बघा, मग फूल. काळ्याभोर, खोल, ओल धरून ठेवणाऱ्या रानात तो कमी भेटतो. हलकी, मुरमाड, बरड जमीन हे त्याचं घर. बालाघाटाच्या पठारावर बीड, धाराशिव, लातूरकडं जी उथळ तांबूस रानं आहेत, अजिंठ्याच्या डोंगररांगेचे जे उतार आहेत, किंवा हिंगोली-नांदेडच्या डोंगरपायथ्याची जी माळरानं आहेत, तशा जागी नजर ठेवावी. खाली बेसाल्टचा खडक, वर वीतभर माती, पाणी पडलं की वाहून जाणार. अशा मातीत नत्र आणि स्फुरद कमी असतं आणि टारफुल्याला तेच मानवतं. का, ते प्रश्न ५ मध्ये.

त्यातही जागा दोन. पहिली, खरिपाची ज्वारी, विशेषतः जिथं वर्षानुवर्षं ज्वारीवर ज्वारी पेरली गेली. शेताच्या चढावरच्या कोपऱ्यात, जिथं पीक दरवर्षी जरा खुरटंच राहतं, तिथं आधी बघा. दुसरी जागा म्हणजे न नांगरलेलं गवताळ रान : माळ, गायरान, शेताचा धुरा, टेकडीची सोंड. तिथं तो गवताच्या मुळांवर जगतो. कुसळी, मारवेल, पवन्या असं मिश्र गवत उभं असेल आणि मधूनमधून मुरूम उघडा पडला असेल, तर ती जागा सावकाश चालत बघण्यासारखी असते. दाट, कमरेएवढ्या गवतात शोधण्यात अर्थ नाही. तिथं तो असला तरी दिसत नाही.

सावली त्याला चालत नाही. बाभळीच्या, लिंबाच्या खाली शोधू नका.

४. कोणत्या महिन्यात बघावं?

पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत, म्हणजे ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर. पाऊस लांबला तर सगळंच मागं सरकतं. नोव्हेंबरात वाळकी रोपं सापडतात आणि ती बहुधा काळपट पडलेली असतात. बोंडं तडकलेली असतील तर बी केव्हाच मातीत गेलं समजा.

५. हे ज्वारीच्या बुडाशीच का उगवतं? शेतात दुसरीकडं का नाही?

कारण ज्वारीनं बोलावल्याशिवाय ते उगवतच नाही.

टारफुल्याचं बी जेमतेम ०.३ मिलिमीटर लांब असतं. तळहातावर घेतलं तर तपकिरीची चिमूट वाटावी. एवढ्याशा बियात शिदोरी ती किती असणार? अंकुर फुटून काही दिवसांत दुसऱ्याचं मूळ गाठलं नाही तर तो मरतो, आणि त्याची झेपही काही मिलिमीटरचीच. म्हणून बी पडून राहतं. पावसानं माती ओली आणि उबदार झाली की आठ-पंधरा दिवसांत ते तयार होतं, पण फुटत नाही. जवळून यजमान झाडाचं, म्हणजे ज्याच्यावर तो पोसतो त्या झाडाचं, मूळ जाऊ लागलं आणि त्यातून झिरपणारी विशिष्ट रसायनं बियापर्यंत पोचली, तरच अंकुर बाहेर येतो. त्याचं टोक ज्वारीच्या मुळाला टेकलं की तिथं एक बारीक गाठ तयार होते आणि तिच्यातून तो मुळाच्या आत शिरतो. पुढचं पाणी, क्षार, साखर सगळं ज्वारीकडून.

या रसायनांना स्ट्रायगोलॅक्टोन म्हणतात. त्यातलं पहिलं, स्ट्रायगॉल, १९६६ मध्ये सापडलं, तेही कपाशीच्या मुळांतून! कपाशीवर टारफुला जगत नाही, तरी तिचं मूळ त्याला उठवतं. या विसंगतीचा शेतकऱ्याला फार उपयोग होतो (प्रश्न १४). पण झाड स्वतःच्या शत्रूला हाक का मारेल, हा प्रश्न पुढं कितीतरी वर्षं तसाच राहिला. २००५ मध्ये कळलं की ही हाक मुळात टारफुल्यासाठी नाहीच. ती मातीतल्या उपकारक बुरशीसाठी आहे. ही बुरशी मुळांशी जोडली जाते आणि झाडाला स्फुरद मिळवून देते. टारफुला मधल्यामध्ये ती हाक ऐकायला शिकला. २००८ मध्ये असंही दिसलं की हीच द्रव्यं झाडाच्या फांद्या किती फुटाव्यात हेही ठरवतात. म्हणजे झाडाला ती बंद करून चालणारं नाही.

मातीत नत्र-स्फुरद कमी असलं की ज्वारी ही रसायनं जास्त सोडते. बरड रानात टारफुला जास्त का, याचं मोठं कारण हे आहे. जमीन भुकेली असली की हाक मोठी होते.

६. पानं तर हिरवीगार आहेत. मग हा परजीवी कसा?

अर्धा परजीवी म्हणा. जमिनीवर आल्यावर तो स्वतःही थोडं अन्न तयार करतो, पण तेवढ्यावर त्याचं भागत नाही. शिवाय पाणी उडवण्यात तो उधळ्या आहे. त्याच्या पानांची रंध्रं रात्रीसुद्धा बरीचशी उघडी राहतात, त्यामुळं यजमानाच्या मुळातलं पाणी सतत त्याच्याकडं ओढलं जातं. रानात वाफसा असताना ज्वारी कोमेजलेली दिसते ती यामुळं.

खात्री करायची असेल तर एक रोप खुरप्यानं मातीच्या ढेकळासकट उचला आणि बादलीत पाण्यात ठेवून माती हळूहळू सुटू द्या. उपटू नका, उपटलं की जोड तुटतो. जमिनीखालचा खोडाचा भाग पांढरट दिसेल, त्यावर पानांच्या जागी खवले असतील, आणि बारीक पांढरी मुळं ज्वारीच्या मुळाला जिथं टेकलीत तिथं छोटे फुगवटे. हे एकदा डोळ्यानं पाहिलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

७. पांढरं फूल आहे, पण टारफुलाच आहे का याची खात्री नाही. घोळ कशाशी होतो?

सगळ्यात जास्त घोळ तुंब्याशी. त्याचंही फूल पांढरं, दोन ओठांचं, खोडही चौकोनी. पण तुंब्याची फुलं खोडाभोवती गोल झुबक्यात येतात, पानं वरपर्यंत समोरासमोर असतात आणि वरचा ओठ लोकरी टोपीसारखा असतो. टारफुल्यात झुबका नसतो.

बंबाखूचं नावही लोक घेतात. बंबाखू तंबाखू, वांगं, टोमॅटो, मोहरी अशा पिकांवर येतो आणि त्याच्यात हिरवा रंगच नसतो. अमरवेल तर पिवळ्या दोऱ्यांसारखी वरून गुंडाळते, तिची गफलत व्हायचं कारण नाही, तरी फोटो येतात. माळावर आणि ज्वारीत सोपुबिया नावाची आणखी एक अर्धपरजीवी वनस्पती दिसते. तिची फुलं गुलाबी आणि चांगली मोठी, पानं दोऱ्यासारखी चिरलेली. ओल्या गवतात तुतारी भेटते. तिचं फूलही पांढरं, पण नळी कितीतरी लांब, आणि ते संध्याकाळनंतर उमलतं.

८. पुस्तकात पांढऱ्या फुलांच्या तीन जाती दिल्या आहेत. त्या वेगळ्या कशा करायच्या?

फुलाच्या बुडाशी जी हिरवी नळकांडी पिशवी असते, तो निदलपुंज. त्यावर उभ्या शिरा उठून दिसतात. त्या मोजायच्या. दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं.

शिरा ५ असतील, पिशवीच्या काठावरच्या प्रत्येक दात्याकडं एक जाणारी, तर ती स्ट्रायगा डेन्सिफ्लोरा. तिचा तुराही जास्त गच्च असतो. शिरा १० असतील, म्हणजे पाच दात्यांकडं आणि पाच दोन दात्यांमधल्या खाचेकडं जाणाऱ्या, तर तो आपला नेहमीचा टारफुला. १५ असतील तर स्ट्रायगा अँगुस्टिफोलिया. ही बहुधा गवताळ रानात भेटते, शेतात त्या मानानं कमी.

दोन पथ्यं पाळा. नुकत्या उमललेल्या फुलावर मोजा, कारण बोंड फुगलं की शिरा ताणल्या जाऊन फसवतात. आणि एका रोपाच्या एका फुलावर थांबू नका, दोन-तीन रोपं बघा. टारफुल्यात शिरा क्वचित दहापेक्षा जास्तही निघतात. ज्वारीत पाचवाल्या आणि दहावाल्या दोन्ही जाती येतात, त्यामुळं "ज्वारीत आहे म्हणजे एशियाटिकाच" हे गृहीत धरून नाव लिहू नये. शेतकऱ्याच्या दृष्टीनं म्हणाल तर दोन्हींचा त्रास एकच आणि उपायही एकच. शिरा मोजायची हौस रानफुलंवाल्यांनी करावी.

९. माळावर जांभळट-गुलाबी फुलांचं, पानं जवळपास नसलेलं असंच रोप दिसलं. ते काय?

बहुधा स्ट्रायगा जेस्नेरिऑइड्स. पानं खवल्याएवढीच, खोडं मांसल आणि बऱ्याचदा एका जागी गुच्छानं उभी. हिचा यजमान गवत नाही. लेपिडागॅथिस किंवा चीक असणाऱ्या युफोर्बियाच्या वर्गातली रुंद पानांची झाडं ती धरते. म्हणून आजूबाजूला लागून कोणतं झाड आहे त्याचाही फोटो काढा. आफ्रिकेत हीच जात चवळीचं मोठं नुकसान करते. आपल्याकडची जांभळी माळावरच्या रानझाडांवर असते, तिला बघून चवळीची काळजी करू नये.

१०. इंटरनेटवर तर टारफुल्याचं फूल लालभडक दाखवतात. आमच्याकडं पांढरं कसं?

जात तीच. आफ्रिकेत आणि अमेरिकेत लाल फुलांचा प्रकार पसरलेला आहे, भारतात मुख्यतः पांढरा. पिवळटही कधीमधी सापडतो. रंगावरून जात ठरवू नका, प्रश्न २ आणि ८ मधल्या खुणा बघा.

११. हा गाजरगवतासारखा बाहेरून आलेला आहे का?

नाही. गाजरगवत अमेरिका खंडातलं, टारफुला इथलाच. आशिया आणि आफ्रिकेच्या गवताळ भागांत तो पूर्वापार आहे. उलट बाहेर गेलाय तो : १९५६ मध्ये अमेरिकेत, उत्तर आणि दक्षिण कॅरोलायना राज्यांत, मक्याच्या शेतात तो सापडला आणि त्यांनी त्याच्यामागं दशकानुदशकं मोहीम चालवली. जमिनीत इथिलीन वायू सोडून बी फुटवायचं आणि यजमान नसल्यामुळं ते मरू द्यायचं, असाही उपाय त्यात होता.

तण म्हटलं की परदेशी, असा आपला एक समज होऊन बसला आहे. टारफुला तण झाला तो आपण त्याच्या गवताच्या जागी एकसारखी ज्वारी लावली म्हणून.

१२. ज्वारी पिवळी पडून खुरटली आहे, पण टारफुला एकही दिसत नाही. तो असू शकतो का?

असू शकतो. अंकुर मुळाला चिकटल्यापासून रोप मातीबाहेर यायला तीन ते सहा आठवडे जातात आणि बरंचसं नुकसान याच काळात होतं. पानं दुपारी वळणं, पिवळे चट्टे, वाढ थांबणं, आणि हे सगळं शेतभर नाही, ठरावीक चकत्यांमध्ये. पाण्याचा ताण, खोडमाशी, लोहाची कमतरता यांतही पीक पिवळं पडतं, म्हणून अंदाजावर जाऊ नका. एक खुरटलेलं ताट ढेकळासकट काढून प्रश्न ६ मध्ये सांगितल्याप्रमाणं धुऊन बघा. मुळांवर पांढरे कोंब दिसले तर उत्तर मिळालं.

१३. उपटून टाकला तर संपतो का?

या वर्षीच्या ज्वारीला त्याचा फायदा थोडा, पुढच्या वर्षाच्या रानाला मोठा. ज्वारीचं जे जायचं ते आधीच गेलेलं असतं. पण एका जोमदार झाडातून पन्नास हजारांच्या वर बी पडू शकतं, आणि टारफुल्याला किडा-पाखरू काही लागत नाही, तो स्वतःचं परागीकरण स्वतःच उरकतो. एकटं रोपसुद्धा रान भरून टाकायला पुरेसं आहे.

म्हणून फूल दिसताच, बोंड धरायच्या आत उपटा. एकदा उपटून काम होत नाही, पंधरवड्यानं पुन्हा फेरी मारा. दोन कोळपण्या झाल्या की लोक रानात फिरकत नाहीत, ज्वारी पोटऱ्यात आली की कणसाकडंच लक्ष जातं, आणि नेमका तेव्हाच हा खाली बी टाकत असतो. बोंडं धरलेली रोपं बांधावर फेकू नका, खतात टाकू नका, कडब्यात जाऊ देऊ नका. जाळा. बी वाऱ्यानं, वाहत्या पाण्यानं, औताला लागलेल्या मातीनं आणि जनावरांच्या खुरांनी पसरतं.

तणनाशकाबद्दलही विचारणा होते. ज्वारीत २,४-डी वापरतात, पण शेजारी कपाशी असेल तर वाऱ्यावर गेलेल्या थोड्याशा फवाऱ्यानंही तिची पानं आकसतात. तूर-सोयाबीनलाही ते चालत नाही. एक-दोन एकरांच्या तुकड्यांच्या आपल्या भागात मी तरी खुरप्याच्या बाजूनं आहे. वापरायचंच असेल तर मात्रा लेबलवरची, आणि कृषी सहायकाला विचारून.

१४. कपाशी किंवा सोयाबीन घेतलं तर टारफुला कमी होतो म्हणतात. खरं का?

खरं. कपाशी, सोयाबीन, तूर, भुईमूग, तीळ, सूर्यफूल यांच्यावर टारफुला जगू शकत नाही. पण यांतल्या अनेकांच्या मुळांतून त्याला फुटवणारी रसायनं येतात (प्रश्न ५). बी फुटतं, धरायला मूळ नसतं, मरतं. मातीतला साठा तेवढा कमी होतो. सगळे वाण सारखे काम करत नाहीत आणि एका हंगामात रान साफ होत नाही, तीन-चार वर्षांचा फेर धरावा लागतो. ज्वारीत तुरीच्या ओळी टाकायची आपली जुनी पद्धत या बाबतीतही शहाणपणाची आहे.

मराठवाड्यात खरीप ज्वारीची जागा मोठ्या प्रमाणावर सोयाबीननं घेतली. "लहानपणी जिकडंतिकडं दिसायचा, आता का नाही?" असं जे विचारतात, त्यांना याचा बराचसा उलगडा इथं व्हावा. त्याच्या जोडीला चांगलं कुजलेलं शेणखत आणि वेळेवर नत्र द्या, म्हणजे ज्वारीची हाकही मंदावते.

१५. टारफुल्याला दाद न देणारी ज्वारी मिळते का?

आहे. एन-१३ ही भारतीय गावरान ज्वारी यासाठी जगभर माहीत आहे, तिच्या मुळांच्या पेशीभित्ती जाड होऊन टारफुल्याला आत शिरू देत नाहीत. पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेनं एसएआर-१ हा वाण काढला. काही ज्वाऱ्या मुळातूनच कमी रसायन सोडतात. पण हे वाण जास्त करून पैदाशीच्या कामात वापरले जातात, दुकानात पिशवी मिळेल अशी आशा धरू नका. आपल्या तालुक्याला चालेल असा वाण परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात विचारावा.

१६. आमच्याकडं ज्वारी नाही, ऊस आहे. उसात हीच पांढरी फुलं दिसली. असं होतं का?

होतं. ऊस, मका, बाजरी ही सगळी गवताच्याच कुळातली, टारफुल्याला चालणारी. उसात तो विशेषतः खोडव्यात (तोडणीनंतर बुडख्यांतून पुन्हा फुटलेल्या उसात) आणि हलक्या रानात त्रास देतो, कारण पीक एकाच जागी वर्षानुवर्षं उभं असतं आणि फेरपालट होत नाही. सरीतल्या पाण्याबरोबर बी पुढं सरकतं, त्यामुळं पाणी जिकडून येतं त्या टोकाला आधी बघा.

१७. रब्बीच्या ज्वारीत का दिसत नाही?

कमी दिसतो, अजिबात नाही असं नाही. टारफुल्याच्या बियाला उगवायला साधारण २५ ते ३५ अंश तापमान आणि मातीच्या वरच्या थरात ओल लागते. रब्बीची मालदांडी ज्वारी भारी काळ्या रानात, खोलवरच्या ओलीवर येते. वरचा थर तोवर सुकलेला असतो आणि थंडी पडू लागते. परतीचा पाऊस लांबला आणि पेरणी लवकर झाली, तर रब्बीतही एखादा चकता निघतो.

१८. सात-आठ वर्षं ज्वारी पेरलीच नव्हती. यंदा पेरली आणि टारफुला हजर! बी आलं कुठून?

तिथंच होतं. ते मातीत दहा वर्षं आणि त्याहूनही जास्त काळ जिवंत राहू शकतं. मधली वर्षं रान पडीक होतं का, हे आठवून बघा. पडीक रानात गवत वाढलं असेल तर त्याच्यावर टारफुला दरवर्षी गुपचूप जगून नवं बी टाकत राहतो. पडीक ठेवणं आणि फेरपालट करणं यात म्हणूनच मोठा फरक आहे.

१९. माझ्या कपाशीत टारफुला उगवला आहे. तुम्ही तर म्हणता कपाशीवर येत नाही.

तो कपाशीवर नाही. आजूबाजूला बघा, शिपी, हरळी किंवा दुसरं एखादं गवत असेल, नाहीतर पाखरांनी सांडलेली ज्वारीची दोन ताटं. टारफुला त्यांच्या मुळाला धरून आहे, मुळं मातीखाली हातभर लांब जातात, म्हणून वर तो कपाशीच्या बुडाशी दिसतो. असे फोटो "कपाशीवरचा टारफुला" या नावानं फिरतात. गवत काढलं की तोही जातो. ढेकूळ धुऊन खात्री करून घ्या.

२०. बोंडं गोल फुगलेली आणि फोडली तर आत बीच नाही, अळी आहे. हा रोग का?

रोग नाही. स्मायक्रोनिक्स नावाचा एक बारका सोंड्या भुंगा टारफुल्याच्या बोंडात अंडी घालतो. अळी आत वाढते, बोंड गाठीसारखं फुगतं, बी धरत नाही. अशी रोपं दिसली तर ती तेवढी उपटू नका, तुमचं काम ती अळीच करते आहे.

२१. माळावरचा टारफुलाही उपटून टाकावा का? गावातले काही जण म्हणतात मुळापासून नायनाट करा.

ज्वारी किंवा उसाच्या शेताला लागून असलेल्या धुऱ्यावर असेल तर बोंड धरायच्या आत काढा, आणि चढावरून पाणी थेट शेतात उतरत असेल तर तिथलाही. बाकी माळावर, डोंगरावर, गायरानात त्याला राहू द्या. तिथं गवताच्या शंभर काड्यांत चार रोपं असतात, सोबत सोंड्या भुंगा असतो, सगळं एकमेकांना धरून चाललेलं असतं. तिथून त्याला काढून टाकल्यानं शेतातला साठा कमी होत नाही. तो साठा शेतातल्याच ज्वारीनं वाढवलेला असतो. माळावरून शेतात जाताना मात्र चपला-बूट झटका, विशेषतः ऑक्टोबरात.

२२. फूल छान दिसतं. कुंडीत लावता येईल का?

नुसत्या मातीत बी टाकलं तर उगवणारच नाही, कारण प्रश्न ५ मध्ये आहे. उपटून आणलेलं रोप संध्याकाळपर्यंत मान टाकतं. ज्वारीसकट कुंडी लावून ते करता येतं, प्रयोगशाळांत तसंच करतात, पण शेतीच्या गावात घरी हा उद्योग करू नका. ती कुंडी कधीतरी कुणीतरी परसात रिकामी करतंच.

२३. ओळख पटवायला फोटो कसे पाठवू?

चार फोटो पुरेत. एक, पूर्ण रोप, शेजारी पेन किंवा काडेपेटी ठेवून. दोन, फूल बाजूनं, नळीचा वाक दिसेल असं. तीन, निदलपुंज जवळून, शिरा मोजता येतील असा. फोनच्या कॅमेऱ्यावर भिंग धरलं तर जमतो. चार, दोन हात मागं सरून आजूबाजूची झाडं. हा चौथा फोटो लोक हमखास विसरतात, आणि टारफुल्याच्या बाबतीत तोच सगळ्यात कामाचा असतो.

सकाळी काढा, दुपारच्या उन्हात पांढरं फूल फोटोत नुसतं चकाकतं. सोबत तालुका, जमीन हलकी की भारी, आणि शेतात असेल तर मागल्या दोन वर्षांची पिकं लिहा. "आमच्या रानातलं फूल" एवढ्यावरून काही सांगता येत नाही.